न वाकणारा गळ

माशी बांधायला डोकं लागत नाही. कोंबड्याच्या मानेचं पीस, चिमूटभर लोकर, दोरा आणि बोटांत जरा धीर असला की कुणालाही जमतं. डोकं लागतं ते गळ निवडायला. आणि डोक्याचं म्हणाल, तर आमच्या गावातले, लुझिनेतले पुरुष नदीवर जाताना ते घरीच खुंटीला टांगून जातात.

मी वास्वा. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माश्या बांधते. स्वयंपाकघराच्या खिडकीशी माझं टेबल आहे. टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवलेला छोटा चिमटा, चिमट्यात गळ धरायचा आणि त्यावर पिसं गुंडाळून पाण्यावरच्या किड्यासारखं काहीतरी उभं करायचं. ट्राउट तेवढ्याला फसतो. त्यातल्या चांगल्या चांगल्या माश्या माझा नवरा सेयफो स्वतःला ठेवायचा आणि उरलेल्या चौकातल्या स्त्येपोच्या दुकानात विकायला जायच्या. वर "बायकोचा छंद आहे" म्हणून सांगायचा. छंद म्हणे! डोळे गेले माझे त्या छंदापायी.

गळांचं माझं एक शास्त्र आहे. कुणी विचारो न विचारो, मी सांगतेच. नवी डबी आली की वरचा गळ बघायचा नाही, तळातला काढायचा. वर नेहमी देखणे ठेवलेले असतात. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचं. घसरलं तर बोथट, तिथल्या तिथे रुतलं तर ठीक. दोरी ओवायचं कडं नीट मिटलंय का बघायचं, नाहीतर तेच दोरी कापतं. मग टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा. आमच्या नदीवर तसा नियमच आहे, लहान मासा जिवंत सोडता यावा म्हणून. भिकार गळ इथेच कडकन तुटतात. जे उरतील ते चिमट्यात धरून अंगठ्याने रेटायचे. जरा वाकून परत जागेवर येणारा गळ चांगला. आणि अगदी जीव खाऊन जोर लावला की सरळ होणारा गळ सगळ्यात चांगला.

इथे लोक हसतात. सरळ होणारा गळ चांगला कसा? अरे बाबांनो, आमच्या नदीत मासे कमी आणि बुडालेली झाडं जास्त. ओंडक्यात अडकलेला गळ ओढला की सरळ होऊन सुटून यायला हवा. मी घेते ते गळ साध्या तारेचे, काळपट, झेक लोकांकडून येणारे. शेकड्याने घेतले की कुणालाही परवडतात. एखादा सरळ झाला तर फेकून द्यावा, दुसरा बांधावा. गळासाठी माणसाने पाण्यात उतरू नये, एवढंच माझं म्हणणं.

कारण आमचं पाणी सरळ नाही. वर घळीत धरण आहे. वीज लागली की त्याचे दरवाजे उघडतात. आधी भोंगा वाजतो आणि मग बसून एक कॉफी पिऊन होईतो पाणी येऊन पोचतं. कमरेएवढी नदी गळ्याला लागते, तीही आवाज न करता. आधी पाण्यावर सुकी पानं आणि काटक्या येतात, मग पाय गार पडतात, आणि मग पायाखाली काही राहत नाही. शेंबडं पोरसुद्धा भोंगा ऐकला की बाहेर येतं.

आणि तरी लुझिनेत असा एक पुरुष नाही जो माशी नदीत सोडून घरी येईल. हा इथला जुना माज आहे. माशी सोडून आलेल्याने संध्याकाळी स्त्येपोकडे सगळ्यांना राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, पाजायची, आणि वर ऐकून घ्यायचं, "आज माशी टाकून आलास, उद्या बायको टाकून येशील." राकियाचं कुणाला काही वाटत नाही. ऐकून घेणं जड जातं.

त्या वसंतात सेयफोला ग्लावातित्सा लागली. ग्लावातित्सा म्हणजे मोठ्या डोक्याचा ट्राउट. आमच्या या दोन-चार नद्यांतच होतो, आणि जुना झाला की कोकराएवढा भरतो. इमामाच्या डोहात ती लागली तेव्हा काठावर स्त्येपो होता आणि गॅरेजवाला तरुण अल्दिन होता. दोघांनी नंतर गावभर सांगितलं. सेयफोने तिला दमवली, काठाशी आणली, पांढरं पोट वर आलं, अल्दिन जाळी घेऊन वाकला, आणि माझा गळ सरळ झाला.

स्त्येपोच्या दुकानात भिंतीवर एक फळी आहे. ज्या गळाने दगा दिला तो त्या फळीवर खिळ्याला लटकतो. सेयफोचा गळ लटकवून स्त्येपोने खाली खडूने लिहिलं, 'वास्वाची सुई'.

"काय रे सेयफो," दुकानात पाऊल टाकलं की कुणीतरी म्हणायचं, "ग्लावातित्साला टाके घालायला गेला होतास का?"

"बायकोने उसवलेलं कोण शिवणार!"

मला काही वाटलं नाही. मीच दुकानात जाऊन त्या फळीसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मेल्या स्त्येपो, सुई म्हण नाहीतर दाभण म्हण. तुझं गिऱ्हाईक जिवंत आहे ना? मग त्याचं खातं माझ्या सुईच्या नावे मांड." सगळे हसले. सेयफो हसला नाही. त्याचं जेवण कमी झालं. मी बटाटा भरून भाजलेली पिताची गुंडाळी तशीच ताटात गार व्हायची आणि हा खिडकीतून नदीकडे बघत बसायचा. सून रुसली तर समजूत काढता येते, साठी ओलांडलेल्या पुरुषाची काय काढणार?

पुढे उन्हाळा कोरडा गेला. धरणवाल्यांनी पाणी अडवून धरलं, नदी सुकून डोहाडोहांत तुटली. वर्षानुवर्षं न दिसलेली झाडं पाण्याबाहेर आली, काळी, बुळबुळीत, फांद्या वर करून. इमामाच्या डोहाच्या मधोमध एक अख्खं पॉप्लरचं झाड आडवं पडलेलं निघालं. त्याच्याखाली ती ग्लावातित्सा राहते असं सेयफोला कळलं आणि माझ्या घरातली शांतता संपली.

एका संध्याकाळी तो खिशातून पत्र्याची डबी काढून टेबलावर ठेवत म्हणाला, "बघ."

मी उघडली. जाड, पांढरेशुभ्र, स्टीलचे गळ. समुद्रातल्या माशांचे.

"कुठून आणलेस?"

"स्त्येपोकडे पडून होते. किनाऱ्यावरच्या कुणाकडून आलेले. कोणी घेत नाही म्हणून जवळजवळ फुकट दिले. स्वस्त आणि मस्त. तपास की, तपास! तुझं ते सगळं शास्त्र लाव."

लावलं. तळातला गळ काढला. नखावर ठेवला तर नुसत्या वजनाने रुतला. कडं पक्कं मिटलेलं. मग चिमट्यात धरून अंगठ्याने रेटला, मग पक्कडीने रेटला, मग उभी राहून अंगाचा भार टाकला. टेबलावरून चिमटा सरकला. गळ जागचा हलला नाही.

सेयफो लहान मुलासारखा टाळ्या पिटायला लागला. मी मात्र तो चिमट्यातून काढून डबीत टाकला. इतकी वर्षं गळ हाताळतेय, कुठल्याच गळाची मला अशी भीती वाटली नव्हती.

"हा मी बांधणार नाही," मी म्हणाले.

"का? चांगला नाही?"

"चांगला आहे. फार चांगला आहे. ओंडक्यात गेला तर निघणार कसा?"

"दोरी तोडीन."

"कुठली दोरी? दाखव."

त्याने दाखवली. विणलेली, कॅटफिशसाठी वापरतात ती. या दोरीने ट्रॅक्टर ओढावा. म्हणजे तीही तुटायची नाही.

"मग जाऊन हाताने सोडवीन," तो म्हणाला. "पाय आहेत मला."

"आणि पाणी आलं तर?"

"वास्वा, जन्मभर पाणी येतंय आणि जन्मभर मी कोरडा घरी येतोय. आता बांधतेस का?"

"नाही."

"फळीवर माझं नाव लागलंय, तुझं नाही!"

"माझंच लागलंय, आंधळ्या! वाचता येतं ना? आणि मी ते सुखाने लावून घेतलंय. सेयफो, मासा गेला तर जाऊ दे रे. आपल्याला काय तो पेन्शन देणार होता?"

पालथ्या घड्यावर पाणी. तो माझ्या खुर्चीत बसला, माझ्या चिमट्यात तो गळ धरला आणि त्या जाड बोटांनी स्वतः माशी बांधायला लागला. माझं जपून ठेवलेलं कोंबड्याचं सगळ्यात चांगलं पीस मोडलं, दोरा दोनदा तोडला. अशा दोन माश्या केल्या. माश्या कसल्या, मार खाल्लेल्या चिमण्या दिसत होत्या. एक दोरीच्या टोकाला लावायची आणि दुसरी हातभर वर, बाजूला लोंबती. आमच्याकडे एका दोरीला अशा दोन-तीन माश्या बांधायची रीतच आहे.

"उलटा काटा तरी दाब," मी दारातून म्हणाले.

"काटा दाबला की मासा निसटतो."

"नियम आहे."

"नियम लहान माशांसाठी," तो म्हणाला, आणि ते बोलताना किती खूष दिसला! त्या वसंतानंतर पहिल्यांदा त्याने दोनदा मागून जेवण केलं. मीही ताटात वाढत राहिले. भांडून भांडून जीव विटला होता आणि माणूस जेवतोय हेच बरं वाटलं.

ऑक्टोबर लागला, वर डोंगरात दोन दिवस पाऊस झाला आणि धरण भरल्याचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सेयफो रबरी विजार छातीपर्यंत चढवून, सोटा घेऊन निघाला. पाण्यात चालताना टेकायला तो सोटा लागायचाच, गुडघे गेले होते ना.

"आज नको जाऊस," मी म्हणाले. "आज ते सोडतील पाणी."

"सोडतील तेव्हा भोंगा वाजवतील. मला कान आहेत."

"डोकं नाही, बाकी सगळं आहे."

"कॉफी चढवून ठेव," तो म्हणाला आणि गेला.

मी खिडकीशी बसून स्त्येपोच्या माश्या बांधत होते. खिडकीतून झुलता पूल दिसतो. नदीवरून येणारा प्रत्येक जण त्याच पुलावरून गावात येतो. हवा अशी पडली होती की पडदा हलत नव्हता. का कोण जाणे, हातातलं पीस सारखं निसटत होतं. तेवढ्यात भोंगा वाजला.

मी कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं आणि पुलाकडे बघत उभी राहिले. पहिल्यांदा पलीकडच्या वाडीतले दोघे आले. मग थोडा वेळ कोणी नाही. कॉफी उतू गेली. मग अल्दिन आला, एकटाच, काठी खांद्यावर टाकून, शीळ घालत.

मी खिडकी उघडून ओरडले, "अल्दिन, सेयफो कुठंय?"

"येतोय मावशी मागून. त्याची माशी अडकलीय पॉप्लरात, ती सोडवून येतो म्हणाला."

चूल तशीच ठेवून, पायात जे सापडलं ते घालून मी धावले. जाता जाता अल्दिनच्या दंडाला धरून हलवला. "स्त्येपोला बोलाव! दोर घेऊन ये म्हणावं, होडी घेऊन ये म्हणावं, पळ!" त्याचा चेहरा उतरला. पोरगं काठी तिथेच टाकून पळालं.

इमामाच्या डोहाकडे उतरणारी वाट दगडांची आहे. मी दोनदा पडले. डोहाशी पोचले तेव्हा पाणी अजून नितळ होतं. सेयफो मधोमध उभा होता, कमरेच्या वर पाण्यात, पॉप्लरच्या खालच्या अंगाला, माझ्याकडे पाठ करून. क्षणभर मला हायसं वाटलं. उभा आहे, धड आहे.

"सेयफो! बाहेर ये! सोड ती माशी, मी तुला दहा बांधून देते! त्याच गळावर देते, झालं?"

त्याने मान वळवली. तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता.

"वास्वा," तो म्हणाला, "हातात घुसलाय गं."

टोकाची माशी झाडात रुतली होती. ती ओढायला त्याने दोरी उजव्या हाताला गुंडाळली होती, आणि ओढता ओढता ती दुसरी, बाजूची, लोंबती माशी तळव्यात शिरली होती. उलट्या काट्यासकट, पार वाकापर्यंत. एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला माझा नवरा, आणि मध्ये ट्रॅक्टर ओढणारी दोरी.

"काप ना दोरी! कात्री आहे ना छातीवर?"

"आहे. पण डाव्या हातात सोटा आहे."

"सोटा सोड!"

"सोटा सोडला तर पाय टिकणार नाहीत. ओढ आहे इथे."

"मग दातांनी तोड!"

त्याने तोंड लावून बघितलं, जनावर दाव्याला लावतं तसं. मग मान हलवली. मग पाय रोवले आणि सगळं अंग मागे टाकून हात ओढला, एकदा, दोनदा. त्याची किंकाळी घळीत घुमली. हातातून रक्त पाण्यात उतरलं.

"वाकत नाही गं हा!" तो ओरडला. "वास्वा, वाकतच नाही!"

तेव्हाच पानं आली. सुकी, पिवळी पानं, त्यांच्या मागून काटक्या, फेस. कुठून आवाज नाही, काही नाही. काठावरचा मी उभी होते तो दगड माझ्या डोळ्यांदेखत ओला झाला.

मी पाण्यात शिरले. घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, मांड्यांना लागलं आणि नदीने माझे पाय असे बाजूला सारले की मी मोळीसारखी काठावर जाऊन आदळले. उठून पुन्हा शिरले. पुन्हा तेच. मी त्याला शिव्या घालत होते. देवाचं नाव घेत होते आणि मध्येच शिव्या घालत होते. मला पोहता येत नाही. इतकी वर्षं नदीकाठी काढली आणि मला पोहता येत नाही.

पाणी त्याच्या छातीवर आलं. रबरी विजारीच्या काठावरून आत शिरायला लागलं असणार, कारण तो जड झाल्यासारखा खाली बसत चालला होता. "तू मागे हो," तो म्हणाला. "वास्वा, मागे हो, तू बुडशील." मला सांगत होता मागे हो!

स्त्येपो आणि अल्दिन आले. होडी उतरवायला वेळच नव्हता. स्त्येपोने दोर फेकला. पहिला कमी पडला. दुसरा बरोबर गेला, सेयफोच्या अगदी छातीवर पडला.

"धर!" स्त्येपो ओरडला. "धर रे, धर!"

दोर समोर होता आणि धरायला हात नव्हता. उजवा झाडाला बांधलेला, डावा सोट्यावर. सेयफोने दोराकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि मग सोटा सोडून दिला.

बोटं दोराला लागली असं अल्दिन म्हणतो. मला फक्त एवढं दिसलं की तो आडवा झाला आणि डोक्यावर पाणी मिटलं. विणलेली दोरी ताठ होऊन पाण्यात शिरलेली दिसत होती, थरथरत होती. मग पाणी गढूळ झालं आणि तीही दिसेना. स्त्येपो कमरेला दोर बांधून आत गेला. त्याला दोनदा ओढून बाहेर काढावं लागलं. दुसऱ्यांदा तो उलट्या करत होता आणि तरी परत जायला निघाला, तेव्हा अल्दिन त्याच्या अंगावर बसला.

धरणवाल्यांना कुणीतरी फोन केला. दरवाजे बंद झाले. पण आलेलं पाणी जायला त्याचा वेळ लागतोच. आम्ही काठावर बसून राहिलो. निम्मं गाव गोळा झालं, कोणी माझ्या खांद्यावर घोंगडी टाकली. ऊन डोंगरामागे जात होतं तेव्हा पॉप्लरची पहिली फांदी वर आली, मग दुसरी. आणि मग सेयफो दिसला. होता तिथेच होता. उजवा हात पुढे केलेला, बाकी सगळा पाण्याबरोबर हेलकावे खात.

त्याला घरी आणून पुढच्या खोलीत ठेवला. इमाम म्हणाले, उद्या दुपारच्या नमाजनंतर जनाजा. आमच्यात पुरुषाला पुरुष आंघोळ घालतात, म्हणून मी स्वयंपाकघरात बायकांत बसले होते. चुलीवर उतू गेलेली कॉफी जळून कोळसा झाली होती, ती कुणीतरी घासत होतं. थोड्या वेळाने इमाम स्वतः दाराशी आले. खाली बघत म्हणाले, "वास्वा, पोरी, तुलाच यावं लागेल. हातातला गळ कुणाला निघत नाही, आणि त्याला असा पाठवायचा नाही."

मी माझी पक्कड घेऊन आत गेले. खोलीत नदीवर जाणारे सगळेच होते, भिंतीला टेकून उभे, रडून चेहरे सुजलेले. अंगावर पांढरी चादर, तेवढा उजवा हात बाहेर. गळावरची सेयफोने बांधलेली पिसं पाण्याने कधीच वाहून गेली होती. नुसता गळ उरला होता, नव्यासारखा चकचकीत.

असा गळ मागे ओढायचा नसतो, मांस फाटतं. टोक पुढे रेटून कातडीतून बाहेर काढायचं, उलटा काटा पक्कडीने दाबायचा, मग आल्या वाटेने मागे. कितीतरी पोरांच्या बोटांतून मी असे काढलेत. मेलेल्या हाताला दुखत नाही हे मला कळत होतं. तरी मी हळू काढला. "झालं हं, झालं," असं म्हणत होते म्हणे मी. मला आठवत नाही. पक्कड मारली तर उलटा काटाही लवकर दबेना.

निघाला. बशीत ठेवला. मग मी तो तळवा दोन्ही हातांत धरून बसले. इतका राग आला मला सेयफोचा! उठवून थोबाडीत मारावीशी वाटली.

स्त्येपो शेजारी येऊन खाली बसला. त्याचे कपडे अजून ओले होते. "शेजारणी," तो म्हणाला, "एवढंच बरं समज, गळ टिकला. तुटला असता, वाकला असता, तर नदी त्याला खाली तळ्यात घेऊन गेली असती. चाप्लिना गावचा तो मास्तर गेल्या वर्षी गेला, अजून तळ्यातच आहे. त्याच्या बायकोला फातिहा वाचायला कबरसुद्धा नाही."

त्याच्या नरडीला धरायला हवं होतं मी. वाकला असता तर सेयफो बाहेर येऊन कॉफी प्यायला असता, अरे! पण त्या क्षणी माझ्या मनात आलं की हो, मला कबर मिळाली, आणि मी मान हलवली. देवाचे आभारसुद्धा मानले. त्या गळाबद्दल देवाचे आभार मानले मी.

अल्दिनने बशीतला गळ उचलला. काहीतरी करायचं म्हणून उचलला असेल, पोरगं रडत होतं. पण बोटांत आल्यावर त्याने तो उजेडात धरला, टोक नखावर टेकवलं, अंगठ्याने रेटून बघितला.

"जराही वाकला नाही," तो म्हणाला.

शेजारच्याने हात पुढे केला. मग त्याच्या शेजारच्याने. भिंतीच्या कडेकडेने गळ हातोहात फिरला, प्रत्येकाने तो रेटून बघितला, आणि ओल्या डोळ्यांनी प्रत्येकाने मान डोलावली. एवढा माणूस, एवढं पाणी, आणि जराही वाकला नाही. कुणी वाईट नव्हतं त्यांच्यात. सगळी सेयफोची माणसं.

गळ दारापाशी पोचला. तिथे पलीकडच्या वाडीतला एकजण उभा होता. तो स्त्येपोच्या कानाशी वाकला आणि हळूच काहीतरी पुटपुटला. मला शब्द ऐकू आले नाहीत. स्त्येपोचं उत्तर आलं. त्यानेही हळूच दिलं, डोळे पुसत पुसत.

"आहेत, डबीभर आहेत अजून. पण उद्या नको, उद्या जनाजा आहे. परवा ये."